तांडेलाच्या विहिरीचं पाणी

सन दोन हजार बारा. मी तेव्हा एकसष्ट वर्षांचा होतो, औत स्वतः धरत होतो, आणि जन्मात कधी होडीत बसलो नव्हतो. बसायचं कारणच नव्हतं. आमचं गाव कापडे, पोलादपूर तालुका. आमच्याकडे पाणी एकच काम करतं, डोंगरावरून खाली जातं. नदी उलटीही चालते, आणि रोज दोनदा चालते, हे मला साठी उलटल्यावर एका माणसाने दाखवलं. तो माझा व्याही, सव गावचा महादू.

मी चौथी शिकलो. शब्द चुकला तर चुकला, कोणाकडून तपासून घेणार नाही. पण महादूविषयी लिहायचं ते मीच लिहायचं, कारण त्याच्याशी शेवटचं वाईट बोललो तो मीच.

माझी मुलगी शेवंती त्याच्या घरात दिली ती दोन हजार दहाला. जावई मुंबईत नोकरीला. घर चांगलं, भाताची खाचरं आहेत, आंब्याची चार झाडं आहेत. पण लग्न ठरवताना मला एक गोष्ट खटकत होती, व्याही होडीवाला. जन्माने शेतकरी, आमच्यातलाच. पण वयाच्या अठराव्या वर्षी मुंबईला गेला आणि तीस-बत्तीस वर्षं एका क्लबात राहिला. तिथं मोठे लोक हौस म्हणून शिडाच्या होड्या चालवतात. ह्याचं काम होड्या धुवायच्या, शिडं चढवायची, आणि साहेब पाण्यात पडला की त्याला बाहेर काढायचा. परत आला तेव्हा क्लबाने मोडीत काढलेली एक छोटी होडी ट्रकात घालून घेऊन आला. माणसं पेटी आणतात, कपाट आणतात. ह्याने होडी आणली. तेव्हापासून गाव त्याला महादू तांडेल म्हणायला लागलं, तांडेल म्हणजे गलबताचा म्होरक्या. चेष्टेने ठेवलेलं नाव, पण तो ते टोपीसारखं घालून फिरायचा. टोपी पण क्लबाचीच होती, निळी, उन्हाने पांढरी पडलेली. जेवताना तेवढी काढायचा.

दिवाळी झाली की मुंबईची माणसं यायची, दोन-दोन, तीन-तीन. चार दिवसांची सुट्टी. सवहून निघायचं, ओहोटीबरोबर दासगाव, आंबेत करत बाणकोटाला खाडीच्या तोंडापर्यंत जायचं, आणि भरतीबरोबर परत. रात्री काठावर तंबू. दोन्ही बाजूंना डोंगर, त्यामुळे खाडीत लाट म्हणावी अशी नाहीच. मी त्याला विचारलं होतं, "एवढ्या लांबून येऊन ही माणसं बघतात काय?"

"काय नाय बघत," तो म्हणाला. "बसतात. मुंबैत बसायला मिळत नाय."

इंजिन त्याने कधी लावलं नाही. एकदा मी काठावर होतो तेव्हा एक साहेब होडीत बसता बसता बोलला, "काका, इंजिन बसवून घ्या ना. टाइम वाचेल."

महादूने शीड सोडायचं थांबवलं आणि त्याच्याकडे अगदी काळजीने बघितलं. "घाई हाय का साहेब?"

"घाई नाही, पण..."

"नाय तर मग बसा. आणि असली घाई, तर वर डांबरी हाय."

तोच साहेब चौथ्या दिवशी परतताना तोंड उघडं टाकून झोपला होता, एक हात पाण्यात. सवचा काठ आला तरी महादू होडी लावेना. समोरच्या पाण्यात गोल गोल फिरवत राहिला. काठावरून मी हाक मारली, तर ओठावर बोट ठेवलं आणि हनुवटीने साहेबाकडे दाखवलं. कुठलीही गोष्ट दाखवायची तर तो हनुवटीनेच दाखवायचा. हात शिडाच्या दोरात अडकलेले असायचे ना, तीच सवय. पाऊण तास फिरवली त्याने होडी. साहेब उठल्यावर म्हणाला, "वारा पडला होता साहेब, त्याने उशीर झाला." वारा चांगला होता. मी स्वतः बघत होतो.

आता माझं सांगतो. आमच्यात रीत आहे. लेकीला मूल होईपर्यंत बाप तिच्या घरचं अन्न खात नाही, पाणी पीत नाही. माझ्या बापाने पाळली, आजाने पाळली. मुंबईला गेलेले आता कोणी पाळत नाहीत, मी पाळत होतो. लग्नानंतर पहिल्यांदा सवला गेलो तेव्हा ओटीवर पाच-सहा माणसं बसली होती. शेवंती पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. मी त्याला हात लावला आणि परत दिला. पोरीचा चेहरा उतरला. तेवढ्यात महादू मोठ्याने बोलला, "अगो शेवंते, त्यांना नको देऊस! आपल्या विहिरीचं पाणी मचूळ. खाडीकाठचं पाणी, डोंगरातल्या माणसाला सोसायचं नाय. व्याहीबुवा, तुमी आपल्या झऱ्याचंच प्या."

माणसं हसली. कोणी म्हणालं, खरं आहे, पोट बिघडायचं. विषय मिटला. त्यानंतर मी जेव्हा जेव्हा गेलो तेव्हा माझ्या पिशवीत कापड्याच्या झऱ्याची बाटली असायची, आणि महादू प्रत्येक वेळी तेच बोलायचा, विहीर मचूळ आहे. मला ते पटलं होतं. खाडी घराच्या मागेच, पाणी मचूळ असणारच.

दोन हजार बाराच्या माघात तो कापड्याला आला. झोडणी आटपली होती, मी मोकळा होतो. "चला," म्हणाला, "चार दिवस खाडीत. मुंबैवाले संपले, आता आपली सुट्टी. शेवंती पण येतेय."

"आणि जेवायचं काय?" मी विचारलं.

"होडीत."

"होडी तुमचीच."

"होडी माझी, पण तिला उंबरा कुठं हाय?" तो हसला नाही. तो असल्या गोष्टी बोलताना कधी हसायचा नाही. "तांदूळ तुमच्या खाचरातला, तुमीच गोण भरून दिलीत. मासळी खाडीतली. लाकडं काठावरची. टोप क्लबाचा. माझ्या घरचं त्यात काय हाय ते दाखवा, मी खाडीत टाकतो."

मी विचार करून म्हणालो, "मीठ."

दुसऱ्या दिवशी आंबेतच्या खाली शेवंतीने काठावर तीन दगड मांडून भाताला आधण ठेवलं, तेव्हा महादू खाडीत उतरला, वाटीभर पाणी घेऊन आला, आणि माझ्यासमोर टोपात ओतलं. "घ्या, मीठ."

"आणि प्यायचं पाणी?" होडीत पुढच्या बाजूला एक प्लास्टिकचा मोठा डबा होता.

"महाडचं. माझी बहीण ऱ्हाते तिथं, तिच्या नळाचं. काल भरून आणलं."

मी जेवलो. दोन वर्षांनी लेकीच्या हातचा भात खाल्ला. भात खारट झाला होता, तरी मी तीन वेळा घेतला. शेवंती समोर बसून बघत होती. महादू मात्र पाठ करून बसला होता, खाडीकडे तोंड करून, जसं काय तिकडे त्याचं मोठं काम अडलं होतं.

पुढे दर माघात आम्ही जायचो. आणखी सात वर्षं गेलो.

पहिल्याच वर्षी मी जी चूक केली ती सांगायला हवी. दासगावला चहा घ्यायला उतरलो. महादू म्हणाला, "व्याहीबुवा, होडी बांधा." मी आयुष्यभर बैल बांधलेत. दावं आखूड घेतलं, खांबाला तीन वेढे, वर घट्ट गाठ. आम्ही वर जाऊन चहा घेतला, ओळखीचा माणूस भेटला, गप्पा झाल्या. खाली येऊन बघतो तर पाणी पार उतरलं होतं, आणि होडी खांबाला नाकाने लटकत होती, वासरू दोरीने टांगावं तशी. टोप, घोंगड्या, तांदूळ, सगळं चिखलात. धक्क्यावर माणसं जमून हसत होती. एकाने विचारलं, "कोणी रे बांधली ही?"

"मीच," महादू लगेच म्हणाला. "म्हातारा झालो रे, विसरलो."

तीस वर्षं होड्यांत काढलेला माणूस, त्याने हे सगळ्यांसमोर आपल्या अंगावर घेतलं. चिखलातून तांदूळ वेचताना तेवढं शेवंतीला म्हणाला, "गो, तुझ्या बापाने होडी वाळत घातली." आणि मग मला हळूच, "बैल बांधला तिथं ऱ्हातो. पाणी ऱ्हात नाय. दावं लांब ठेवा, व्याहीबुवा."

पाणी कधी चढणार, कधी उतरणार, हे त्याला घड्याळाशिवाय कळायचं. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असली तर तीन वाजता बाणकोटात भरती, अष्टमी असली तर सहाला. तिथून सवपर्यंत पाणी यायला दोन तास धरायचे. बोटांच्या पेरांवर मोजायचा. मलाही शिकवलं. मी आजही कापड्यात खाचरात उभा असलो तरी मनात मोजतो, आता सवला पाणी भरलं असेल.

वाऱ्याचंही तसंच. सकाळी डोंगरावरून उतरतो, दुपारी समुद्राकडून चढतो. "जायला तुमचा वारा, यायला आमचा," म्हणायचा. "ह्यालाच सोयरीक म्हणतात." वारा पडला तर शिव्या देत नसे. शिडाकडे बघून, दारात पाहुणा आल्यासारखं म्हणायचा, "या, बसा, पाणी घ्या." आणि वारा आला की टोपी जरा वर करायचा.

सुकाणू त्याने शेवंतीला शिकवलं. माझ्या घरात ती मान वर करून बोलली नव्हती. होडीत एकदा शीड फिरवायची वेळ आली, आडवा दांडा या बाजूने त्या बाजूला जातो, आणि ती मागून ओरडली, "बाबा, डोकं खाली!" लेकीने बापाला डोकं खाली घ्यायला सांगितलं, आणि मी घेतलं. महादूने माझ्याकडे बघितलं नाही. पण दिवसभर शीळ घालत होता.

शेवंतीला मूल होत नव्हतं. त्याविषयी महादू कधी बोलला नाही. गावातल्या एका बाईने ओटीवर येऊन काहीतरी सुचवलं होतं म्हणे, दुसरी बघा, असं. महादू उठला, तिच्या चपला उचलून तिच्या पायाशी नीट जोडून ठेवल्या आणि म्हणाला, "वहिनी, ऊन चढायच्या आत जा." ती पुन्हा आली नाही. हे मला नंतर कळलं.

दोन हजार एकोणीसचा माघ. बाणकोटहून परतत होतो. दासगावच्या अलीकडे काठाला लागलो होतो, तांब्याभर चहासाठी. शेवंती लाकडं आणायला वर गेली होती. महादूने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. जेवण नव्हतं, तरी काढली. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

"व्याहीबुवा, एक बोलू?"

"बोला."

"आज घरी पोचलो की आत या. जेवा. पाटावर बसून."

"मूल होऊ द्या. आठ दिवस मुक्काम टाकीन."

"नाय व्हायचं आता. डॉक्टरने दोघांना बघून सांगितलं." त्याने गुडघ्यावरची टोपी सारखी केली. "मला तुमची रीत लागत नाय. तुमी पाणी प्या, नका पिऊ, माझं काय जातं? पण तुमी आलात की आळी बघते, बाप पाणी पितो का. तुमी तांब्या परत करता, आणि ती तो घेऊन आत जाते. आत जाऊन काय करते ते तुमी बघितलं नाय. मी नऊ वर्षं बघतोय. तुमी न बोलता सगळ्यांना सांगता, हिला मूल नाय. दुसरं कोण बोललं तर मी चपला हातात देतो. तुमाला काय देऊ?"

त्याला हे बोलायला किती दिवस लागले असतील ते मला आता कळतं. तेव्हा माझं डोकं फिरलं. माझ्यामुळे माझ्या पोरीला त्रास होतो, हे मला दुसऱ्याने सांगावं! मी म्हणालो, "माझ्या बापाची रीत मी तुमच्या सोयीने बदलू? तुम्ही शेतकऱ्याच्या पोटी येऊन होडीवाले झालात, साहेबांची शिडं धुतलीत. तुम्हाला कसली आलीय रीत?"

त्याने टोपी उचलली, झटकली आणि डोक्यावर घातली. नीट बसवली.

मी पिशवी घेतली आणि चिखलातून वर निघालो. रस्त्यावर वडापची जीप मिळते महाडला जायला. मागून त्याची हाक आली. "व्याहीबुवा! अजून अर्धा तास पाणी हाय!"

वर रस्त्याला लागताना एकदाच मागे बघितलं. होडीत उभा होता, एका हातात दोर, शीड अर्धं उतरवलेलं, हनुवटी माझ्याकडे. मी बघितलेलं त्याने बघितलं, आणि टोपी जरा वर केली. वारा आल्यावर करायचा तशी. मी वडापात बसलो.

पुढचं शेवंतीने सांगितलं, फार नंतर. तो अर्धा तास थांबला. मग आणखी थांबला. ज्या माणसाने कधी पाणी चुकवलं नाही त्याने ते समोरून जाऊ दिलं. होडी चिखलात बसली. वरून जाणाऱ्याने विचारलं, काय तांडेल, फसलात? तर म्हणाला, "नाय रे, मुद्दाम बसवली. बूड घासायचंय." आणि खरंच ओंजळीत रेती घेऊन बूड घासत बसला, पुढची भरती येईपर्यंत.

मी त्या वर्षी सवला गेलो नाही. गणपतीतही नाही. पोरीचा फोन यायचा, मी बायकोकडे द्यायचो. मनात ठरवलं होतं, माघात जाईन. माघ आला की तो बोलवायला येईलच.

पितृपंधरवड्यातली सप्तमी. पाऊस उघडला होता. महादू मांडवाखाली होडी पालथी घालून तिला रंग देत होता. दुपारी शेवंती चहा घेऊन गेली तेव्हा होडीला टेकून बसलेला होता, ब्रश हातात. तिला वाटलं, डुलकी लागली. चहा निवेल म्हणून तिने हाक मारली.

मी पोचलो तेव्हा संध्याकाळ होत आली होती. जावई मुंबईहून निघाला होता, त्याच्यासाठी थांबले होते. महादू ओटीवर होता, डोकं उघडं. खांद्यावर निळ्या रंगाचा एक ओघळ होता, तो कोणी पुसला नव्हता. खांदा द्यायला मी पुढे झालो, मला कोणी नको म्हणालं नाही. अग्नी दिल्यावर मी घरी गेलो नाही. मांडवाखाली होडीजवळ बसून राहिलो. अर्धी निळी झाली होती, अर्धी जुनीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी अष्टमी. सवयीने पेरांवर मोजलं, सहाला बाणकोटात, आठला इथं. आठ वाजता पाणी काठोकाठ भरलं तेव्हा मी उठलो, पाय धुतले, ओटीवरच्या माणसांमधून गेलो आणि उंबरा ओलांडला. नऊ वर्षांत पहिल्यांदा. चूल थंड होती. शेवंती भिंतीला टेकून बसली होती.

"शेवंते, पाणी दे गो."

महादूची बहीण, महाडची, कोपऱ्यात होती. ती म्हणाली, "दादा, सुतक हाय. सुतकाच्या घरचं पाणी नका पिऊ."

"माहीत आहे," मी म्हणालो. "दे गो."

शेवंतीने मडक्यातून तांब्या भरला आणि माझ्या हातात दिला. मी परत दिला नाही. तोंडाला लावला. मचूळ लागेल म्हणून डोळे मिटून घेतले होते. पाणी गोड होतं. आणि ती गोडी मला ओळखीची होती, आठ माघांची.

"हे कुठलं पाणी?"

"विहिरीचं, बाबा."

"विहीर मचूळ आहे ना?"

"कधीच नव्हती," ती म्हणाली. "होडीतला डबा मी हितूनच भरायची. मामंजी म्हणायचे, बापाला सांगू नको."

दासगावच्या काठावर मी जे बोललो ते ऐकून घेताना तो डबा आमच्या दोघांच्या मध्ये होता, अर्धा भरलेला. एका वाक्यात त्याने मला पाडलं असतं. तो टोपी घालून गप्प राहिला.

मी तांब्या रिकामा केला आणि तिच्यापुढे धरला. म्हणालो, "अजून दे."